वसंतातील बेगमी

(वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की महाराष्ट्रातील गच्च्यांवर आणि अंगणांत साड्या अंथरल्या जातात आणि कुरडया, पापड, सांडगे वाळत पडतात. वर्षाचे गहू निवडून ठेवले जातात, तिखट-हळद कुटून बरण्यांत भरली जाते. नेमक्या याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील रॉकी पर्वतराजीच्या पायथ्याशी बर्फ वितळू लागते आणि तेथील एक विशिष्ट वर्ग आपल्या वर्षाच्या बेगमीला लागतो. या वर्गाला 'सर्व्हायव्हलिस्ट' म्हणजे तगून राहण्याची तयारी करणारे लोक असे म्हणतात. त्यांच्या यादीत बियाणे असते, गहू असतो, काचेच्या बरण्या असतात आणि परवडणारी एखादी रायफलही असते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. या माणसांकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार शांतपणे व्हावा, एवढाच यामागील हेतू.

भयातून जन्मलेली शिस्त

ही चळवळ आकाराला आली १९७०च्या दशकात. अण्वस्त्रयुद्धाचे सावट होतेच. त्यात १९७३ चे तेलसंकट आले आणि महागाईने मध्यमवर्गाची बचत गिळायला सुरुवात केली. सरकार आपले रक्षण करील, पेट्रोल पंपावर पेट्रोल आणि दुकानात पाव मिळेलच, हा विश्वास डळमळला. कर्ट सॅक्सन या लेखकाने 'सर्व्हायव्हलिस्ट' हा शब्द रूढ केला. मेल टॅपन याने अशा जीवनासाठी लागणाऱ्या बंदुकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि मोठी शहरे सोडून लहान गावांजवळ वस्ती करण्याचा सल्ला दिला. पुढे २०११ साली जेम्स वेस्ली रॉल्स याने आयडाहो, मोंटाना, वायोमिंग आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांचा पूर्वभाग मिळून आश्रयभूमीची कल्पना मांडली आणि कित्येक कुटुंबे खरोखरच तिकडे राहावयास गेली.

या लोकांना वेडगळ ठरवून हसणे सोपे होते आणि वर्तमानपत्रांनी ते बराच काळ केलेही. परंतु मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने अमेरिकेतील दुकानांची फडताळे ओस पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. त्या आपत्तीत राज्य सरकारच्या नोंदीनुसार २४६ माणसे दगावली. ऊर्जेचे माहेरघर म्हणवणाऱ्या राज्यात, आपल्याच घरात माणसे गारठून मेली. तेव्हापासून या मंडळींना हसणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले आहे.

ऋतूचा हिशेब

या माणसाचा वसंत सुरू होतो तो मोजदादीने. हिवाळ्यात काय संपले, काय उरले, काय खराब झाले, याची यादी केली जाते. विहिरीचा पंप आणि पाण्याच्या टाक्या तपासल्या जातात. शेगडीचे धुराडे साफ केले जाते. कारण हिवाळाभर त्यात साचलेली डांबरासारखी काजळी पेट घेते आणि घरे जळतात. पुढच्या हिवाळ्याचे सरपण वसंतातच फोडून रचले जाते. ओल्या लाकडाला सुकावयास सहा महिने ते वर्ष लागते. म्हणजे ज्याला डिसेंबरात ऊब हवी, त्याने एप्रिलात कुऱ्हाड उचलली पाहिजे. गरज पडण्यापूर्वी कामाला लागणे हा या साऱ्या जीवनपद्धतीचा गाभा आहे आणि तो कोणत्याही देशातील गृहस्थाला पटण्याजोगा आहे.

परवडणारी रायफल

आता रायफलीविषयी. भारतीय माणसाला ही गोष्ट प्रथमदर्शनी खटकते. तेथे मात्र नागरिकाने शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत नमूद आहे आणि ग्रामीण भागात रायफल हे बऱ्याच अंशी शेतीचेच अवजार मानले जाते. कोंबड्यांवर टपलेला कोयोट हाकलणे, ससा वा हरीण मारून मांसाची सोय करणे, ही तिची नित्याची कामे. त्यामुळे काटकसरी माणूस पहिली निवड करतो ती पॉइंट बावीस या लहान तोंडाच्या रायफलीची. तिचे काडतूस १८८७ पासून प्रचारात आहे. स्वस्त, हलके आणि कमी धक्का देणारे. रूगर कंपनीची १९६४ साली बाजारात आलेली 'टेन-ट्वेंटीटू' ही रायफल याच कारणाने घरोघरी पोहोचली.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे जुन्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफली. रशियन सैन्याने १८९१ साली स्वीकारलेली मोसिन-नागान रायफल २०००च्या दशकात अमेरिकेत शंभर डॉलरच्याही आत मिळत असे. ते दिवस आता सरले. याच बाजारात एक भारतीय नावही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने १९६२ च्या युद्धानंतर जुन्या एन्फील्डच्या बांधणीत ७.६२ मि.मी. काडतुसाची रायफल तयार केली. आपल्या दलांनी ती बाजूला ठेवल्यावर तिच्यातील अनेक नग अमेरिकेत विकले गेले आणि काटकसरी सर्व्हायव्हलिस्टांनी ते आवडीने घेतले. चीनच्या आक्रमणाचा धडा घेऊन भारतीय कारागिरांनी घडविलेली रायफल आयडाहोतील एखाद्या शेतकऱ्याच्या भिंतीवर टांगलेली असावी, हा इतिहासाचा योगायोग म्हणावयाचा.

परंतु या रायफलीचा हिशेब येथे संपत नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. दाराबाहेरच्या शत्रूसाठी घेतलेले शस्त्र घरातल्याच निराश तरुणाच्या वा एकाकी वृद्धाच्या हाती लागते, असा या आकड्यांचा अर्थ होतो. म्हणून या वर्गातील जाणती माणसेही नवख्याला सांगतात की आधी पाणी, मग अन्न, मग औषध. शस्त्र घ्यायचेच तर कुलूपबंद कपाट आणि रीतसर शिक्षण यांसह. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट घालून दिली आहे आणि समाजरक्षणाची कल्पनाही निराळी आहे. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत स्थापन झालेले गृहरक्षक दल हे तिचे उदाहरण. तेथे सामान्य नागरिक शिस्तीत, प्रशिक्षण घेऊन, सर्वांसाठी उभा राहतो. आपल्या परिस्थितीला हीच वाट योग्य आहे.

मातीतला धडा

रायफलीपेक्षा कितीतरी अधिक वेळ हा माणूस घालवतो तो परसबागेत. तेथील बागकामाचे सारे गणित शेवटच्या हिमतुषारावर बेतलेले असते. टोमॅटोचे बी त्या तारखेपूर्वी सहा ते आठ आठवडे घरातच, उजेडाच्या खिडकीशी लावतात. रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात आणि मगच ती जमिनीत जातात. वाटाणा मात्र जमीन खणण्याजोगी होताच पेरला जातो, कारण त्याला थंडी मानवते. आयडाहोची राजधानी बॉयसी येथील माळी टोमॅटो लावण्यासाठी शेफर शिखरावरचे बर्फ ओसरण्याची वाट पाहतात. आपला शेतकरी मृगाच्या सरींकडे डोळे लावतो, त्यातलाच हा प्रकार. पंचांग वेगळे, पण निसर्गाचा संकेत ओळखण्याची दृष्टी एकच.

बियाण्यांच्या बाबतीत या लोकांचा आग्रह मोलाचा आहे. संकरित बियाण्याच्या पिकातून धरलेले बी पुढच्या वर्षी मूळ गुण टिकवीत नाही. म्हणजे दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. यासाठी ते पिढीजात, सरळ वाणाचे बी जपतात. आयोवा राज्यातील डेकोरा येथील 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' ही संस्था १९७५ पासून हेच काम करीत आहे. हे काम महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साठीच्या पद्मश्रीने राष्ट्राने त्यांचा गौरव केला. अमेरिकन सर्व्हायव्हलिस्ट डबाबंद बी आपल्या तळघरात ठेवतो. राहीबाईंचे बी गावोगावच्या शेतांत पेरले जाते आणि म्हणूनच ते जिवंत राहते. वर्षानुवर्षे डब्यात पडून राहिलेल्या बियाण्याची उगवणशक्ती घटत जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

अर्थात लहानशा बागेने कुटुंबाचे पोट वर्षभर भरत नाही, हेही त्यांतले अनुभवी लोक मान्य करतात. बाग भाजी देते आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हात तयार करते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील नागरिकांनी अंगणांत आणि मोकळ्या जागांत लक्षावधी 'विजय बागा' फुलविल्या; १९४३ साली व्हाइट हाउसच्या हिरवळीवरही अशी बाग लागली होती. त्या पिढीला माती ठाऊक होती. ज्याने कधी एक वेल वाढविला नाही, त्याला संकटाच्या दिवशी बियाण्याचे पाकीट फार उपयोगी पडणार नाही.

कोठार आणि त्याचे शास्त्र

तिसरा विषय साठवणीचा. येथे शास्त्र आहे आणि चुकीला क्षमा नाही. काचेच्या बरणीत भाज्या उकळून हवाबंद करण्याची पद्धत तेथे घरोघरी आहे; तिच्यासाठी वापरली जाणारी आट्यांच्या झाकणाची बरणी जॉन मेसन याने १८५८ साली पेटंट केली. परंतु शेंगा, मका, मांस अशा आंबटपणा नसलेल्या पदार्थांत बोट्युलिझमचे जीवाणू हवाबंद बरणीतच वाढतात आणि त्यांचे विष प्राणघातक असते. साध्या उकळीने त्यांची बीजे मरत नाहीत. त्यासाठी दाबाच्या पात्रात सुमारे ११६ अंश सेल्सियस तापमान द्यावे लागते. आपल्या आजीने लोणच्यात मीठ आणि आंबटपणा यांचे प्रमाण कधी ढळू दिले नाही, त्यामागेही हेच शास्त्र होते.

धान्याचा शत्रू तीन रूपांनी येतो : ओल, उष्णता आणि कीड. अमेरिकेत गहू धातूच्या डब्यात भरून आत प्राणवायू शोषणारी पुडी टाकतात. असा सुकलेला गहू थंड जागी ३० वर्षांपर्यंत खाण्यायोग्य राहतो. पीठ मात्र काही महिन्यांतच खवट होते, कारण दळताना गव्हातले तेल हवेला उघडे पडते. म्हणून हे लोक अख्खे धान्य ठेवतात आणि हाताने फिरवायचे जाते विकत घेतात. आपण अडगळीत टाकलेले जाते तेथे सुरक्षिततेचे साधन म्हणून विकले जाते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्राणवायू काढून घेऊन धान्य राखण्याची ही युक्ती आपल्याकडे नवी नव्हे. जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशा पेवाचे तत्त्व तेच. बंद पेवात धान्याच्या आणि किड्यांच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि कीड आपोआप मरते. म्हणूनच पेव उघडल्यावर त्यात एकदम उतरणे जिवावर बेतते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांची मोठी हानी झाली. कोठार कितीही उत्तम असले तरी ते कोठे आहे, याचा विचार केलाच पाहिजे, हा धडा त्या पुराने दिला.

आणि साठ्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की जुने आधी वापरावे आणि त्याच्या जागी नवे भरावे. अमेरिकन पुस्तके हा नियम ठळक अक्षरांत छापतात. कौटिल्याने तो अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या प्रकरणात सांगून ठेवला आहे : साठ्याचा अर्धा भाग जनपदाच्या आपत्तीसाठी राखावा, अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे घालीत जावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही अशीच दूरदृष्टी आहे. गडावर पाणी पाहूनच गड बांधावा. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. म्हणून टाकी बांधून पाणी राखावे, असा त्यांचा उपदेश आहे. ज्या समाजाने हे लिहून ठेवले, त्याच समाजातील नव्या वसाहतींत आज पुरवठा एक दिवस बंद पडला की टँकरसाठी धावाधाव होते.

एकट्याचा किल्ला

एवढे सर्व असूनही या तयारीत एक मूलभूत उणीव आहे. टोकाच्या सर्व्हायव्हलिस्टाने गृहीत धरलेले असते की संकट आले की शेजारी लुटावयास येईल. त्याची रायफल त्याच शेजाऱ्यासाठी असते. प्रत्यक्ष आपत्तींचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. जानेवारी १९९५ मध्ये जपानमधील कोबे येथे भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. सरकारी पथके नंतर पोहोचली. त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोतील उष्णतेच्या लाटेत ७३९ माणसांचा बळी गेला. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांचा अभ्यास केला. एकीतील मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या सुमारे दसपट होते. जेथे रस्त्यावर वर्दळ होती, दुकाने चालू होती, म्हातारी माणसे घराबाहेर पडत आणि त्यांची कोणीतरी चौकशी करी, तेथे माणसे वाचली. जेथे माणसे कुलपाआड एकटी होती, तेथे ती एकटीच मेली.

खुद्द अमेरिकेतच याचे उत्तम उदाहरण आहे. युटा राज्यात केंद्र असलेल्या मॉर्मन पंथाच्या लोकांमध्ये धान्य साठविणे हे कर्तव्य मानले जाते. १८७६ पासून त्यांच्या महिला संस्थेने गहू साठविण्याचे व्रत घेतले. तो गहू कोणासाठी वापरला गेला? १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाने उद्ध्वस्त केले तेव्हा तो तेथे पाठविला गेला आणि १९१८ साली पहिल्या महायुद्धात दोन लाखांहून अधिक बुशेल गहू त्यांनी अमेरिकन सरकारला विकला. स्त्रियांनी मूठमूठ जमविलेले धान्य अनोळखी माणसांच्या मुखी पडले. साठा तोच, तळघर तेच. फक्त दार कोणत्या दिशेने उघडते, एवढाच फरक.

साठ्याला ही दिशा नसेल तर तो समाजाला घातक ठरतो. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली, तेव्हा अमेरिकेतील भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या. काहींनी गाड्या भरून पोती नेली आणि दुकानदारांना कुटुंबामागे एक पोते, असा नियम करावा लागला. त्या रांगांत मराठी कुटुंबेही होती. संकटाच्या दिवशी केलेली खरेदी म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले घेणे होय. शांततेच्या काळात, दर महिन्याला थोडे थोडे अधिक घेऊन केलेली बेगमी कोणाचेच काही हिरावून घेत नाही. दोहोंतला हा नैतिक भेद विसरता कामा नये.

आपल्या घराची यादी

महाराष्ट्राला संकटे नवी नाहीत. १९६७ ची कोयना, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत कोसळलेला ९४४ मि.मी. पाऊस, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, जुलै २०२१ मधील चिपळूण. मे २०२५ मध्ये देशातील २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा सायरनचा अर्थ नव्या पिढीला समजावून सांगावा लागला. स्वीडनसारख्या संपन्न देशाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रत्येक घरी पुस्तिका पाठवून नागरिकांना तयारीस लावले. तयारी म्हणजे घाबरटपणा नव्हे, हे त्या समाजाने ओळखले आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एक संध्याकाळ यासाठी काढावी. माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. शिजविल्यावाचून खाता येईल असे चणे, शेंगदाणे, गूळ, पोहे, राजगिऱ्याचे लाडू वेगळ्या डब्यात असावेत आणि डबा दर दोन-तीन महिन्यांनी खाऊन पुन्हा भरावा. घरातील रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या आठवड्याभराच्या तरी अधिक असाव्यात. विजेरी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, थोडी रोख रक्कम, महत्त्वाची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत आणि जवळच्यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. मोबाइल बंद पडला की आठवणीतला एकही क्रमांक सापडत नाही. गॅसची व विजेची मुख्य कळ कोठे आहे, हे घरातील मुलांनाही ठाऊक असावे. कुंडीत का होईना, दोन भाज्या लावाव्यात आणि त्यांचे बी धरावे.

आणि या यादीत शेवटचा एक कागद असावा. आपल्या इमारतीत, वाड्यात वा गल्लीत एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, कोणाकडे तान्हे मूल आहे, कोण परिचारिका आहे, कोणाला पोहता येते, कोणाकडे दोर आणि शिडी आहे, याची नोंद त्या कागदावर असावी. हा कागद करण्यासाठी दारोदार जावे लागेल आणि शेजाऱ्याचे नाव विचारावे लागेल. अमेरिकेतील तो कष्टाळू गृहस्थ वर्षानुवर्षे सरपण, बियाणे, गहू आणि रायफल जमवीत राहिला, पण टोकाला गेलेल्याच्या तळघरात नेमका हाच कागद नसतो. मृगाला अजून अवधी आहे. तेवढ्यात प्रत्येक घराने आपला डबा भरावा आणि प्रत्येक गल्लीने आपला कागद पुरा करावा.